करमळाचे चौदा उपयोग

महिपतच्या अंगणात करमळाचं झाड होतं आणि त्या झाडाला पत्र्याचा एक बोर्ड टांगलेला होता. बोर्डावर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं, 'करमळाचे चौदा उपयोग'. खाली एक ते चौदा आकडे घालून रेखीव अक्षरात यादी. रंग शाळेचा उरलेला आणि अक्षर महिपतचं. तीस वर्षं तो गावच्या शाळेत शिपाई होता. गुरुजींना यायला उशीर झाला की फळ्यावरचा सुविचार हाच लिहायचा, त्यामुळे अक्षराला वळण होतं आणि आपण काहीतरी लिहिलं की लोकांनी ते मानायचं असतं, अशी सवयही लागली होती. ही दुसरी सवय पुढं नडली.

फळ तसं साधं. हाताच्या पंजात मावेल एवढं, पाच धारांचं, पिकलं की मेणासारखं पिवळं. आडवं कापलं की चांदण्या पडतात. कोकणात करमळं काही अपूर्वाईची नाहीत, पण ती आंबट असतात. महिपतच्या झाडाचं फळ मात्र पिकल्यावर गोड लागायचं, कारण ते झाड मुळात इथलं नव्हतंच. शेजारचा अब्दुस्समद बोटीवर होता तेव्हा त्यानं पिनांगच्या बाजारातून तंबाखूच्या डबीत बिया घालून आणल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या अंगणात फरशी, म्हणून डबी त्यानं महिपतच्या बायकोच्या, रखमाच्या हातात दिली. रखमानं सहा बिया लावल्या, त्यातलं एक झाड जगलं. तेव्हापासून समद म्हणायचा झाड माझं, रखमा म्हणायची झाड माझं, आणि फळं मोजून वाटायचं काम महिपतकडं.

उपयोगांपैकी निम्मे रखमाचे होते. कच्च्या करमळानं ती विहारातली पितळी समई घासायची, आणि तिचं बघून मशिदीचे नळसुद्धा लोक करमळानंच घासायला लागले. पांढऱ्या सदऱ्यावरचे गंजाचे डाग जायचे. कोळंबीच्या कालवणात आमसुलाऐवजी चार चकत्या टाकायच्या. मिठात मुरवून वाळवलेल्या चकत्या खोकल्याला, रस काविळीला, पाला नायट्याला. बाकीचे निम्मे महिपतनं कुठून कुठून वाचून, ऐकून आणि थोडेसे स्वतःच्या पदरचे घालून चौदा केले. नववा होता, 'उचकी थांबते'. हा कुणी सांगितला हे त्याचं त्यालाही आठवत नसेल. पण अंगणात कुणी पाहुणा आला की महिपत झाडाखाली उभा राहायचा आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा आवाजात पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत सगळं वाचून दाखवायचा. समदची बायको गुलबानू, जिला उर्दू वाचता येई पण मराठी अक्षर लागत नसे, तिलाही ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. "नववं कलम," ती हसत म्हणायची, "उचकी थांबते."

रखमा जाऊन आता नऊ वर्षं झाली. घशाचा आजार होता. शेवटच्या महिन्यात पाणीसुद्धा उतरेना, तेव्हा करमळाचा रस चमच्या-चमच्यानं उतरायचा. एवढं एकच उतरायचं. महिपत धार्मिक माणूस नव्हे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला, दारावर लिंबू-मिरची दिसली की ती काढून फेकणारा आणि वर दोन शब्द सुनावणारा. पण त्या झाडाला सकाळी पाणी घालताना तो बुंध्यावर क्षणभर हात ठेवायचा, हे समदनं पाहिलं होतं आणि कधी चेष्टा केली नव्हती.

समदच्या किडन्या गेल्या त्या गेल्या जूनमध्ये. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मुलगा हुझैफा दोहाला. गुलबानूचे गुडघे असे की रिक्षात चढायचं म्हणजे दोन माणसं लागायची. म्हणून महिपत जायचा बरोबर. चंदरची रिक्षा सकाळी सातला दारात यायची, दोघे म्हातारे मागं बसायचे, आणि जाताना दीड तास समद बोटीवरच्या त्याच त्या गोष्टी सांगायचा. महिपतनं एकही फेरी चुकवली नाही. हे लिहायला हवं, कारण पुढं जे लिहायचं आहे ते वाचून कुणाला वाटेल की हा माणूस मित्राच्या जिवावर उठला होता. तसं नव्हतं. त्याचा मित्रावर जीव होता, आणि तरीही त्यानं जे केलं ते केलं.

दुसऱ्या की तिसऱ्या फेरीला मशीनवर समदचा डोळा लागला होता. तिथली सिस्टर, भक्ती नावाची चुणचुणीत पोरगी, महिपतजवळ येऊन म्हणाली, "काका, घरी पथ्य कोण बघतं? त्यांना नीट सांगा हां. नारळपाणी नाही. केळं नाही. संत्रं, टोमॅटो, पालक, चिकू नाही. खजूर नाही, रोजे आले तरी नाही. आणि करमळ तर तोंडातसुद्धा घालायचं नाही. किडनीच्या माणसाला करमळ म्हणजे विष."

महिपतनं मान डोलावली. सात गोष्टींना डोलावली, आठवीला त्याची मान थांबली.

"करमळ?" तो म्हणाला. "अहो सिस्टर, ते थंड असतं."

"थंड असो नाहीतर गरम. आपल्याला ते नीट बाहेर टाकता येतं, यांना नाही येत. अंगात साठतं आणि डोक्यात जातं. माणूस दगावतो, काका."

परतीच्या वाटेवर समद पेंगत होता आणि महिपत धुमसत होता. काल नोकरीला लागलेली पोरगी. तिच्या जन्माच्या आधीपासून आपण हे फळ खातोय. सगळा गाव खातोय. रखमाच्या घशातून शेवटचं जे उतरलं, त्याला ही विष म्हणते. दीड तास तो मनातल्या मनात सिस्टरशी भांडत राहिला आणि घर येईपर्यंत भांडण जिंकला.

गुलबानू ओट्यावर वाटच बघत होती. "काय सांगितलं हो महिपतभाई? काय खायचं न्हाय?"

तिची एक पद्धत होती. लक्षात ठेवायचं ते ती बोटांच्या पेरांवर ठेवायची, हाताशी तस्बीहची माळ नसली की वजीफ्याचा जप मोजतात तसं. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर टेकवून ती तयार राहिली. महिपतनं सांगितलं, नारळपाणी. अंगठा वर सरकला. केळं, संत्रं, टोमॅटो, पालक, चिकू. प्रत्येकाला एक पेर. "आन खजूर," महिपत म्हणाला. "या अल्ला, खजूर बी?" ती म्हणाली, आणि सातव्या पेरावर अंगठा टेकवून थांबली. "अजून?"

"बास," महिपत म्हणाला. "एवढंच."

जून महिना होता. झाडावर फळ नव्हतं. फुलंसुद्धा नव्हती. तेव्हा सांगून तरी काय फरक पडणार होता, असं त्यानं स्वतःला त्याच दिवशी समजावलं, आणि ते इतकं पटलं की दोन महिन्यांत तो ती गोष्ट विसरल्यासारखाच झाला. विसरला मात्र नव्हता. माणूस जे विसरतो त्याला टाळत नाही. महिपत मात्र सिस्टर भक्ती दिसली की दुसरीकडं बघायचा.

ऑक्टोबरात झाड लगडलं. ऊन असं की खाडीवरून येणारा वारासुद्धा भाजायचा. समदला दिवसाला मोजून पाणी, आणि ते दुपारपर्यंतच संपायचं. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो काठी टेकत महिपतच्या अंगणात आला, झाडाखालच्या बाकड्यावर बसला आणि वर बघत राहिला.

"रस काढ," तो म्हणाला.

"पाणी मोजून हाय ना तुला?"

"पाणी मोजून हाय. ह्ये काय पाणी हाय?" समदनं ओठांवरून जीभ फिरवली. ओठ फुटले होते. "सकाळपासनं गुलबानूनं दोन घोट दिल्यान. अरे, दर्यात उभं राहून तहानेनं मरायची पाळी आली. ह्ये झाड कुणी आनलं रं? मी आनलं. मला फळ मिळायचं न्हाय?"

महिपत उभा राहिला. त्या क्षणी सिस्टरचा आवाज त्याला आठवला, शब्दन् शब्द आठवला. हे तो पुढं कधी नाकारू शकला नाही. पण समोर समदचे फुटलेले ओठ होते, डोक्यावर पिवळी फळं होती, आणि आपण म्हणजे काय, चौदा उपयोग लिहिणारा माणूस. एका ग्लासानं काय होतंय? नैसर्गिक आहे.

एक ग्लास समदनं डोळे मिटून प्यायला. "रखमाची आठवण झाली," तो म्हणाला. मग महिपतनं उरलेला रस प्लास्टिकच्या बाटलीत भरला, झाकण घट्ट केलं आणि त्याच्या पिशवीत टाकला. बाटली बघितल्यावर गुलबानू अंगणाच्या कुंपणापर्यंत आली आणि तिनं तिथूनच विचारलं, "महिपतभाई, ह्ये चालंल ना ह्यांना?"

"चालतंय, भाभी," महिपत म्हणाला.

दुपारी तीनला तो नेहमीसारखा समदकडं चहाला गेला, तर समदला उचक्या लागलेल्या. जुहरच्या, दुपारच्या नमाजापासून थांबत नव्हत्या, गुलबानू म्हणाली. समद हसतच होता. बोलायला तोंड उघडलं की उचकी.

"कोन तरी लई आठवन काढतंय," महिपत म्हणाला.

लिंबू-मिरची फेकणारा हा माणूस. उचकीला मात्र तोही आपल्या सगळ्यांसारखाच. मग तिघं नावं घेत बसले. समदची बहीण, मुंब्र्याची. उचकी चालूच. बोटीवरचा दोस्त बाळाजी. चालूच. "हुझैफा," महिपत म्हणाला, आणि काय योगायोग, उचकी थांबली. गुलबानूनं टाळीच वाजवली. लगेच फोन लावला. दोहात हुझैफा कामावर होता, डोक्यावर हेल्मेट, मागं क्रेन.

"काय रं, अब्बाची आठवन काढलीस ना आत्ता?" महिपतनं विचारलं.

"काढली ना काका," तो पोरगा हसला. "रोजच काढतो."

फोन ठेवेपर्यंत उचकी परत सुरू झाली होती. "आता रखमा काढतीय," समद म्हणाला, आणि सगळे पुन्हा हसले. महिपत चहा पिऊन घरी आला. घरी आल्यावर का कुणास ठाऊक, त्याला टीव्हीत मन लागेना. एकदा वाटलं सिस्टरला फोन करावा. नंबर होता. पण करून विचारायचं काय? विचारलं म्हणजे सांगावं लागणार. तो जेवला आणि झोपला.

सकाळी चंदर धावत आला. "काका, भाभी बोलावतात. समदचाचा काय तरी भलतंच बोलतायत."

समद पलंगावर होता. उचक्या तशाच, पण हसू गेलेलं. तो कुणाला तरी दोर सोडायला सांगत होता, मलबारी खलाशांची नावं घेत होता. महिपतकडं बघून त्यानं त्याला 'कप्तान' म्हटलं. गुलबानू रात्रभर जागी होती. तिचे डोळे लाल होते, पण ती धीरानं बोलत होती, आपण करायचं ते सगळं केलं आहे अशा माणसाच्या धीरानं.

"साखर दिली. नाक दाबून बघितलं. मग माझ्या ध्यानात आलं, नववं कलम. तुमचा रस व्हता ना. तासातासाला दोन दोन घोट दिले पहाटेपातुर."

पलंगाखाली बाटली उभी होती. रिकामी.

महिपत दाराकडं वळला. "रिक्षा काढ," तो चंदरला म्हणाला. त्या दिवशी गुलबानूही रिक्षात चढली, गुडघे विसरून. दीड तास समदचं डोकं महिपतच्या मांडीवर होतं आणि दर उचकीला ते उडत होतं. महिपत प्रत्येक वळणावर स्वतःला सांगत होता की पोचलो की लगेच सांगायचं. सांगायचं, सांगायचं, सांगायचं.

सांगावं लागलंच नाही. डॉक्टरांनी काय खाल्लं म्हणून विचारलं आणि गुलबानूनं सरळ सगळं सांगून टाकलं. भाकरी, दुधी, करमळाचा रस.

डॉक्टरांचा हात थांबला. "करमळ? किती?"

तिनं हातानं बाटली दाखवली. "म्हणजे उचक्या त्याच्याच," म्हणत डॉक्टर आत धावले. मशीन जोडायची गडबड सुरू झाली. सिस्टर भक्ती तेवढ्या गडबडीत दोन पावलं मागं आली. तिचा आवाज चढलेला होता.

"मी सांगितलं होतं! जूनमध्येच सांगितलं होतं मी, करमळ अजिबात नको. काका, तुम्हालाच सांगितलं होतं ना?"

महिपतनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी गुलबानू बोलली.

"त्यांनी सांगितलं आसंल, बेटी. त्यांचं कधी चुकायचं न्हाय. मीच विसरले." तिचा अंगठा पेरांवर फिरत होता, खालून वर, वरून खाली. "सात हायेत माझ्याकडं. आठवं कुठं गेलं? माझ्याच हातनं... मीच पाजलं, बेटी. रातभर पाजलं."

आता. आत्ता बोलायचं होतं. भक्ती त्याच्याकडं बघत होती. महिपतच्या जिभेवर शब्द आले, आणि ते शब्द असे होते:

"होतं असं कधी कधी, भाभी. वय झालं की."

गप्प बसला असता तर कमी पाप होतं. इतकं साधं, इतकं मायेनं म्हणाला तो की गुलबानूनं त्याचा हात धरला आणि त्या हातावर कपाळ टेकून रडली.

समद तिसऱ्या दिवशी गेला. दोनदा मशीनवर घेतलं, पण त्याला फिट्स यायला लागल्या होत्या आणि मग तो जागा झालाच नाही. हुझैफा विमानतळावरून थेट दफनाला पोचला. मातीला महिपतचाही हात लागला, आणि लोक म्हणाले, दोस्त असावा तर असा. हे ऐकून घ्यावं लागलं.

त्याच संध्याकाळी ओट्यावर हुझैफा आईला म्हणाला, "अम्मी, एकच गोष्ट लक्षात ठेवायची होती. एक." पोरगा दुष्ट नव्हता. क्रेनखाली उभं राहून ज्या उचकीवर तो हसला ती त्याच्या कानात होती, आणि तिचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. गुलबानूचा अंगठा पेरांवर फिरत राहिला. महिपत समोरच बसला होता, चहाची बशी हातात धरून. त्यानं चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बोर्ड उतरवला आणि न्हाणीघरामागं उलटा ठेवला. कुणी विचारलं तर म्हणे, रंग उडालाय. फळं झाडावरच पिकून पडायला लागली. अंगणभर आंबूस वास आणि चिलटं. कावळे येऊन टोचायचे. महिपतनं ती उचलली नाहीत.

पुढच्या दिवसांत गुलबानूला जे झालं ते महिपतला रोज बघावं लागलं. तिचा स्वतःवरचा भरवसा उडाला. आमटीत मीठ घातलं की नाही म्हणून ती शेजारच्या बाईला चाखायला बोलवायची. गॅस बंद केलाय का हे बघायला चार वेळा उठायची. साठ वर्षं पाठ असलेल्या दुआमध्ये अडखळायची. एकदा ती कुंपणाशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "महिपतभाई, आज बुधवार ना? कुनाला सांगू नका हां विचारलं म्हणून." ज्या बाईला गावातल्या सगळ्यांच्या पोरांच्या जन्मतारखा पाठ, ती वार विचारत होती. आणि विचारत होती कुणाला?

महिपतला झोप लागेना. अन्न गोड लागेना. विहारात वंदनेला बसला की मुसावादा वेरमणीपाशी, खोटं न बोलण्याच्या त्या ओळीपाशी, त्याचा आवाज आपोआप बारीक व्हायचा. त्यानं तीनदा सांगायचं ठरवलं. एकदा गुलबानूकडं पाहुणे होते, एकदा ती नमाजाला बसली होती, आणि एकदा काहीच अडचण नव्हती तरी तो अर्ध्या वाटेतून परत आला. भीती कसली होती? पोलिसांची नव्हती. गावाचीसुद्धा फारशी नव्हती. ती 'महिपतभाई' म्हणते त्या आवाजाची होती. तो आवाज जाईल, याची.

चाळिसाव्यानंतर हुझैफानं ठरवलं. आईला एकटं ठेवता येणार नाही. मुंब्र्याला आत्याकडं दोन खोल्या आहेत, तिथं राहील. तिथं डोक्याचा डॉक्टर पण आहे, विसरण्यावर औषध देतो. घराला कुलूप. गुलबानूनं एकदाही नको म्हटलं नाही. जिचं डोकं चालत नाही तिनं नको कसं म्हणायचं?

निघायच्या सकाळी चंदरची रिक्षा दारात उभी होती. दोन बॅगा, एक पाण्याचा जग. महिपत निरोप द्यायला म्हणून गेला. गुलबानूनं कुलूप लावलं, ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं. मग चावी त्याच्यापुढं धरली.

"ही तुमच्याकडं ठेवा. माझ्याकडनं हरवंल."

महिपतनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"भाभी, तुम्ही काय बी विसरला नाहीत."

"आसू दे हो आता," ती म्हणाली.

"न्हाय. ऐका. हुझैफा, तू बी ऐक." त्याचा आवाज फाटला होता, पण आता तो थांबला नाही. "सिस्टरनं आठ सांगितली व्हती. मी तुम्हाला सात सांगितली. तुम्ही विचारलंत, अजून? मी म्हटलं, बास. करमळ मी सांगितलंच न्हाय. मुद्दाम न्हाय सांगितलं. माझ्या झाडाला ती विष म्हनाली म्हणून मला राग आला व्हता. कुंपणाशी तुम्ही परत विचारलंत, तवा बी मला ठावं होतं. आन दवाखान्यात तुम्ही स्वतःवर घेतलंत, ते बी मी घेऊ दिलं."

हुझैफाच्या हातातली बॅग खाली आली. चंदर रिक्षातून उतरून उभा राहिला. गुलबानू मात्र महिपतकडं बघतच नव्हती. ती स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होती. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर गेला.

"नारळपानी," ती म्हणाली. "केळं. संत्रं. टमाटं. पालक. चिकू." अंगठा सातव्या पेरावर थांबला. "खजूर."

तिनं मान वर केली.

"म्हंजे माझं बरोबर व्हतं."

"बरोबर व्हतं, भाभी."

"चाळीस दिवस," गुलबानू म्हणाली. "चाळीस दिवस मी ह्यांची माफी मागतेय, महिपत." भाई गेलं होतं. ते इतक्या सहज गेलं की तिलाही कळलं नसावं.

हुझैफा पुढं सरसावला. त्याच्या हाताची मूठ झाली होती, आणि महिपत जागचा हलला नाही. खरं तर त्याला ती हवी होती. पण गुलबानूनं मुलाला हातानंच अडवलं. मग तिनं महिपतपुढं धरलेली चावी परत घेतली, कुलूप उघडलं आणि चंदरला बॅगा आत ठेवायला सांगितल्या.

"मी कुठं जात न्हाय," ती मुलाला म्हणाली. "माझं डोकं ठीक हाय."

महिपत वळून निघाला होता. ती पाठीमागून म्हणाली, "तो बोर्ड कुठं हाय?"

"उतरवलाय."

"परत लाव. आन त्याच्यावर ह्ये लिव. कुनी दिलं, कुनाला दिलं, सगळं."

न्हाणीघरामागून बोर्ड काढला तेव्हा पत्र्याच्या खाली मुंग्या झाल्या होत्या. डब्यातला निळा रंग सुकून गेला होता, म्हणून चंदरकडून लाल आणला. महिपतनं सगळ्याच्या सगळ्या चौदा ओळी खरवडून काढल्या नाहीत. भांडी निघतात, डाग निघतात, कालवण होतं, हे खोटं नव्हतं. फक्त नववी खरवडली, पत्रा दिसेपर्यंत. मग खाली उरलेल्या जागेत लिहायला घेतलं. सुविचार लिहिणारा हात, पण ओळ तिरकी गेली.

संध्याकाळी गुलबानू कुंपण ओलांडून अंगणात आली. मागं हुझैफा. सडक्या फळांतून वाट काढत ती झाडाखाली उभी राहिली आणि तिनं लाल ओळींवर बोट ठेवलं.

"वाच," ती म्हणाली.

महिपतनं वाचलं. "किडनीच्या माणसानं करमळ तोंडात घालू नये. जीव जातो. हे मला माहीत होतं. तरी मी माझा मित्र अब्दुस्समद याला रस दिला आणि त्याच्या बायकोला सांगितलं नाही. महिपत."

बाहेरून रस्त्यानं दोन बाया डोक्यावर लाकडं घेऊन चालल्या होत्या. आवाज ऐकून त्या फाटकापाशी थांबल्या.

"ऐकू न्हाय आलं त्यांना," गुलबानू म्हणाली. "मोठ्यानं वाच."